युद्धजखमेचे पदक मागताना : माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी

शत्रूच्या गोळीने, तोफगोळ्याच्या छर्र्याने किंवा स्फोटाने जखमी झालेल्या सैनिकासाठी भारत सरकारचे स्वतंत्र पदक आहे. त्याचे नाव पराक्रम पदक. फौजेत सगळे त्याला ‘वूंड मेडल’ म्हणूनच ओळखतात. 1973 मध्ये ते सुरू झाले. पांढरी फीत आणि तिच्या मधोमध लाल पट्टा, ही त्याची खूण. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, बुलढाणा अशा जिल्ह्यांत, जिथे घराघरांतून पोरे फौजेत गेली, तिथे अंगावर जखमेचे व्रण आहेत पण छातीवर ही फीत नाही असे माजी सैनिक भेटतात. कोणी जखमी होऊन थेट इस्पितळात गेला आणि पलटण पुढे निघून गेली. कोणाचा कागद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाताना अडकला. कोणाला असे पदक असते हेच निवृत्तीपर्यंत ठाऊक नव्हते. आणि बरेच जण ‘मागून घ्यायचे ते कसले पदक’ म्हणून गप्प राहिले.

हा संकोच सोडावा, हे सांगण्यासाठी आणि सोडल्यावर नेमके काय करावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. जखमेची नोंद नीट व्हावी ही जबाबदारी सैनिकाची नव्हती. तो स्ट्रेचरवर होता. राहिलेली नोंद पुरी करून मागणे ही याचना नाही.

हे पदक कशासाठी, कशासाठी नाही

पदकाची मुख्य अट एकच आहे : जखम शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईमुळे झालेली असावी. मोहीम कोणत्याही प्रकारची असो. सीमेवरचे युद्ध असो की अतिरेक्यांविरुद्धची कारवाई, दोन्ही त्यात येतात. हुद्द्याची अट नाही. शिपायापासून जनरलपर्यंत सर्वांना नियम सारखाच. शत्रूने आकाशात विमान नष्ट केल्यावर उडी घेताना जखमी झालेले वैमानिक आणि त्यांचे सहकारीही पात्र ठरतात.

अटीचा दुसरा अर्थही समजून घ्यायला हवा. कामावर असताना झालेली प्रत्येक इजा या पदकात बसत नाही. गाडी दरीत कोसळून पाय मोडला, सरावात ग्रेनेड फुटला, बर्फात बोटे गळाली, हिमस्खलनात सापडला, या सगळ्या यातना खऱ्या आहेत आणि त्यातल्या काहींना पेन्शनच्या नियमांत मोठे संरक्षणही आहे. पण शत्रूच्या कारवाईशी थेट संबंध दाखवता आला नाही तर पदकाचा अर्ज टिकत नाही. आपल्याच सुरुंगावर पाय पडलेल्या जवानांच्या बाबतीत वाद होऊ शकतो. अशा वेळी त्या क्षणी गोळीबार चालू होता का, हल्ला किंवा पाठलाग सुरू होता का, हे तपशील महत्त्वाचे ठरतात.

आणखी एक खुलासा. हे शौर्यपदक नाही. परमवीर चक्रापासून सेना पदकापर्यंतच्या शौर्यपुरस्कारांना मासिक भत्ता जोडलेला आहे, तसा या पदकाला नाही. त्यामुळे ‘यातून पैसे किती सुटतील’ असे विचारणाऱ्याला सरळ सांगावे, की हे पदक म्हणजे देशाने दिलेली लेखी कबुली आहे, की या माणसाचे रक्त शत्रूशी लढताना सांडले. ती कबुली मिळवणे एवढाच हेतू पुरेसा आहे.

आधी तुम्ही कोणत्या गटात आहात ते पाहा

सगळे अर्जदार एकाच ठिकाणी उभे नसतात. तीन गट पडतात आणि तिघांचे काम वेगवेगळे आहे.

पहिला गट : पदक मंजूर झालेले आहे, पण हातात आलेले नाही. डिस्चार्ज बुकातल्या पदकांच्या नोंदीत ‘वूंड मेडल’ किंवा ‘पराक्रम पदक’ लिहिलेले आहे, कदाचित सेवेत असताना फीतही लावली होती, पण प्रत्यक्ष धातूचे पदक कधी मिळाले नाही. तुम्हाला पात्रता सिद्ध करायची गरजच नाही. तुमचा अर्ज फक्त ‘मंजूर पदक पाठवावे’ असा आहे. तो तसाच, एका पानात लिहावा. त्यात लढाईची कहाणी लिहीत बसलात तर कारकून तो नवा दावा समजेल आणि विनाकारण चौकशी सुरू होईल.

दुसरा गट : जखमेची नोंद आहे, पण पदकाची नाही. कागदांत ‘बॅटल कॅज्युअल्टी’ असा शब्द आहे, मेडिकल बोर्डाच्या कागदावर गोळीची किंवा छर्र्याची जखम लिहिलेली आहे, पण पदकाचा आदेश निघाला नाही. इथे नोंद दाखवून मंजुरी मागायची आहे.

तिसरा गट : घरात कोणताच कागद नाही, किंवा आहे त्या कागदात फक्त ‘इजा’ असे मोघम लिहिले आहे. हा सर्वांत लांबचा रस्ता. इथे आधी नोंद शोधायची, मग अर्ज करायचा. उलट क्रमाने गेल्यास पहिलाच अर्ज फेटाळला जातो आणि पुढे प्रत्येक वेळी त्या नकाराचा दाखला समोर येतो.

आपला गट ठरवल्याशिवाय पेन हातात घेऊ नये.

तीन गोष्टी जोडून दाखवायच्या

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटासाठी सगळा दावा तीन प्रश्नांवर उभा असतो. जखम झाली होती का? ती शत्रूमुळे झाली का? त्या वेळच्या सरकारी कागदात ते आले आहे का? पदक देणारा अधिकारी तुमच्या अंगावरचा व्रण पाहत नाही, कागद पाहतो. म्हणून प्रत्येक प्रश्नासमोर किमान एक कागद हवा. तो कुठे सापडतो ते पाहू.

डिस्चार्ज बुक. शेतकऱ्याला सातबारा तसे माजी सैनिकाला हे पुस्तक. पदकांच्या नोंदी, सेवेतून मुक्त केल्याचे कारण, वैद्यकीय श्रेणी हे सगळे नीट वाचा. श्रेणी ‘शेप’ पद्धतीत लिहिलेली असेल तर पाच अक्षरांचा अर्थ असा : एस म्हणजे मानसिक स्थिती, एच श्रवण, ए हातपाय, पी शारीरिक क्षमता, ई दृष्टी. लढाईच्या तारखेनंतर लगेच ‘ए’ची श्रेणी एकवरून तीनवर गेलेली दिसली, तर त्या काळात हातापायाला मोठी इजा झाली याचा तो सरकारी पुरावा आहे.

पार्ट टू ऑर्डर. पलटणीत जवानाच्या बाबतीत जे काही घडते, जसे बदली, रजा, लग्न, मूल, इस्पितळात भरती, जखम, ते या दैनंदिन आदेशांत छापले जाते आणि रेकॉर्ड ऑफिसला जाते. ‘बॅटल कॅज्युअल्टी’ची पार्ट टू ऑर्डर मिळाली तर तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच कागदावर मिळण्याची शक्यता असते. अर्जात या ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख देता आली, तर काम निम्मे होते.

बॅटल कॅज्युअल्टी रिपोर्ट. जवान लढाईत जखमी झाला की पलटणीकडून वर संदेश जातो. त्याची प्रत जवानाकडे सहसा नसते, पण त्याच संदेशावरून घरी तार यायची. आजीच्या पत्र्याच्या पेटीत, देवघराच्या फळीवर, जुन्या फोटोच्या चौकटीमागे शोधा. ‘तुमचा मुलगा जखमी झाला असून त्याच्यावर उपचार सुरू आहेत’ अशा मजकुराची पिवळी पडलेली तार ही भावनिक वस्तू तर आहेच, पण तारखेसह असलेला अधिकृत पुरावाही आहे. ती लॅमिनेट करू नका. जशी आहे तशी जपा आणि स्कॅन करून ठेवा.

इस्पितळाचे कागद. जखमी जवान आघाडीवरच्या ड्रेसिंग स्टेशनपासून फील्ड हॉस्पिटल, मग मिलिटरी हॉस्पिटल, मग कमांड हॉस्पिटल असा मागे येतो. प्रत्येक टप्प्यावर भरतीची आणि सुटीची चिठ्ठी तयार होते. महाराष्ट्रातल्या माणसाचा शेवटचा टप्पा बहुधा पुण्याचे कमांड हॉस्पिटल, खडकीचे मिलिटरी हॉस्पिटल किंवा नौदलाचे मुंबईतले अश्विनी रुग्णालय. पाय किंवा हात गमावला असेल तर पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये, म्हणजे 1944 पासून सैनिकांना कृत्रिम अवयव देणाऱ्या केंद्रात, नाव नोंदवलेले असेल. कण्याला इजा होऊन खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात राहिलेल्यांची नोंद तिथे आहे. अपंगत्वानंतर खडकीच्याच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षण घेतले असेल, तर प्रवेशाचा कागदही सोबत लावा.

मेडिकल बोर्डाची कार्यवाही. यात जखमेचे कारण लिहिलेले असते. ‘गनशॉट वूंड’, ‘स्प्लिंटर इंज्युरी’, ‘माइन ब्लास्ट’ असे शब्द शोधा. त्याच्या पुढे मोहिमेचे नाव, जसे श्रीलंकेतले ऑपरेशन पवन, सियाचिनचे मेघदूत, काश्मीरचे रक्षक, कारगिलचे विजय, आले असेल तर उत्तम.

पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश. अपंगत्व पेन्शन मिळत असेल तर ती कोणत्या प्रकारची, हे त्यावर लिहिलेले असते. ‘वॉर इंज्युरी’ असे असेल, तर एका सरकारी खात्याने तुमची जखम लढाईतली आहे हे आधीच मान्य केले आहे. ही अर्जातली मोठी बळकट बाजू आहे. मात्र पेन्शनच्या त्या प्रकारात शत्रूशिवाय इतर काही कारणेही येतात, म्हणून केवळ पीपीओवर विसंबू नका.

सोबत्यांची साक्ष

कागद अपुरे असतील तर माणसे शोधावी लागतात. त्या दिवशी तुमच्या शेजारी असलेला जवान, तुम्हाला उचलून मागे आणणारा, तुमचा सेक्शन कमांडर, प्लाटूनचा जेसीओ, कंपनी कमांडर किंवा पलटणीचा डॉक्टर, यांचे शपथपत्र उपयोगी पडते. अधिकाऱ्याचे असेल तर त्याचे वजन जास्त, पण साध्या शिपायाचेही चालते, अट एकच : त्याने स्वतः पाहिलेले असावे.

शपथपत्रात पाच गोष्टी हव्यात. साक्षीदाराचा नंबर, हुद्दा, पलटण व कंपनी; घटनेची तारीख आणि जागा; शत्रूकडून काय झाले; जखम शरीराच्या कोणत्या भागाला झाली; आणि जखमीला कोणी, कुठे नेले. ‘हे फार शूर होते’ अशी वाक्ये नकोत. दोन साक्षीदारांच्या शपथपत्रांतला मजकूर शब्दशः एकच असेल तर दोन्हींवरचा विश्वास उडतो. ज्याने त्याने आपल्या आठवणीतले, आपल्या शब्दांत सांगावे. तारीख नक्की आठवत नसेल तर ‘अमुक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात’ असे लिहावे. अंदाजाने नेमकी तारीख ठोकून देऊ नये.

सोबती शोधायचे कसे? पलटणीच्या स्थापना दिनाला आणि पुनर्मिलनाला माजी सैनिकांना बोलावतात, तिथे जा. माजी सैनिक संघटनांचे, बॅचचे व्हॉट्सॲप गट आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्या जिल्ह्यातल्या माजी सैनिकांच्या नोंदी असतात. तुमच्या पलटणीचे कोण आहे, त्याला निरोप पोचवाल का, अशी विनंती करता येते. हे काम सगळ्यांत आधी करा. कागद थांबतील, पण 1971 च्या लढाईत विशीत असलेली माणसे आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

आता अंगात राहिलेल्या छर्र्यांबद्दल. एक्स-रेमध्ये धातूचा तुकडा दिसत असेल तर तो जरूर जोडा. त्यावरून जखम सिद्ध होते; पण ती कोणी केली हे सिद्ध होत नाही. त्याला दुसऱ्या कागदाची जोड हवीच.

अर्ज कोणाकडे जातो

जवान आणि जेसीओ यांची सेवानोंद त्यांच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. अर्ज तिथेच करायचा. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला. चिलखती दल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री यांचे अहिल्यानगरला. गार्ड्स रेजिमेंटचे नागपूरजवळ कामठीला. सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे सिकंदराबादला. नौदलाच्या खलाशांची नोंद मुंबईत मानखुर्दच्या नौसैनिक ब्युरोत आणि हवाई दलाच्या जवानांची दिल्लीत सुब्रतो पार्कला असते. लष्करी अधिकाऱ्यांचे कागद दिल्लीत लष्करी मुख्यालयाच्या ॲडज्युटंट जनरल शाखेकडे असतात.

लढाईच्या वेळी तुम्ही दुसऱ्या पलटणीशी जोडलेले असाल, उदाहरणार्थ ईएमईचा जवान एखाद्या पायदळ पलटणीसोबत, तर अर्ज आपल्या मूळ कोअरच्याच रेकॉर्ड ऑफिसला जातो. मात्र त्या पायदळ पलटणीचे नाव आणि कंपनी अर्जात ठळक लिहा, कारण घटनेची मूळ नोंद तिच्याकडे असते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पदक देत नाही, पण अर्ज लिहून देणे, शिक्कामोर्तब करणे आणि आपल्या पत्रासह पुढे पाठवणे हे काम करते. त्या मार्गे पाठवलेल्या अर्जाची एक प्रत थेट रेकॉर्ड ऑफिसलाही पाठवावी.

अर्जाचा नमुना

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा, कारण रेकॉर्ड ऑफिसात सगळ्या प्रांतांचे लोक काम करतात. मजकूर असा ठेवावा :

प्रति, मुख्य अभिलेख अधिकारी, (रेकॉर्ड ऑफिसचे नाव व पत्ता).

विषय : पराक्रम पदक (वूंड मेडल) मंजूर करण्याबाबत. नंबर …, हुद्दा …, नाव …, पलटण …

1. मी दिनांक … रोजी भरती झालो आणि दिनांक … रोजी सेवानिवृत्त झालो. माझा पीपीओ क्रमांक … आहे.

2. दिनांक … रोजी, (जागा व मोहिमेचे नाव) येथे, … पलटणीच्या … कंपनीत असताना, शत्रूच्या (गोळीबारात / तोफमाऱ्यात / स्फोटात) माझ्या (शरीराचा भाग) येथे जखम झाली.

3. माझ्यावर (इस्पितळांची नावे, क्रमाने) येथे दिनांक … ते … उपचार झाले. त्यानंतर माझी वैद्यकीय श्रेणी … करण्यात आली.

4. या जखमेची नोंद पार्ट टू ऑर्डर क्रमांक …, दिनांक … मध्ये आहे. (क्रमांक माहीत नसल्यास : कृपया ही नोंद माझ्या सेवापुस्तिकेतून व लाँग रोलमधून तपासावी.)

5. मला आजवर हे पदक मंजूर झालेले नाही. तरी ते मंजूर करून पाठवावे. अर्ज मान्य होत नसल्यास कोणत्या नियमानुसार, हे कारणासह लेखी कळवावे.

सोबत : कागदांच्या साक्षांकित प्रती, क्रमांकासह.

पाचव्या मुद्द्यातले शेवटचे वाक्य गाळू नका. कारणासह आलेला लेखी नकार हाच पुढच्या प्रत्येक पायरीचा आधार आहे. ‘तुमच्या वेळी हा नियम नव्हता’ असे कोणी तोंडी सांगितले तर वाद घालू नका. नियमाचा क्रमांक आणि तारीख घालून तेच लेखी द्यावे, एवढेच नम्रपणे मागा. अर्ज एक-दीड पानात संपवा. मूळ कागद कधीही पाठवू नका. स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा आणि अर्जाची एक प्रत घरी ठेवा.

‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असे उत्तर आले तर

हे उत्तर बऱ्याचदा येते आणि माणूस तिथेच हात टेकतो. टेकू नये. पेन्शन न मिळता बाहेर पडलेल्यांचे सेवाकागद लष्करी नियमानुसार 25 वर्षांनंतर नष्ट करता येतात. पेन्शनधारकांचे कागद त्याहून जास्त काळ ठेवले जातात. आणि ‘लाँग रोल’ नावाची नोंदवही कायम जपली जाते. म्हणून पुढचे पत्र असे लिहा : ‘सेवाकागद नष्ट झाले असल्यास त्याची तारीख कळवावी आणि लाँग रोलमधील माझ्या नोंदीची प्रत द्यावी.’

त्याशिवाय पलटणीची वॉर डायरी असते. युद्धकाळात रोज काय घडले हे तिच्यात लिहिलेले असते. संरक्षण मंत्रालयाने जून 2021 मध्ये युद्धविषयक कागद खुले करण्याचे धोरण जाहीर केले. सर्वसाधारणपणे 25 वर्षांत हे कागद खुले करण्याची जबाबदारी त्यात नेमून दिली आहे. त्याच चकमकीत तुमच्या पलटणीतल्या कोणाला वीर चक्र किंवा सेना पदक मिळाले असेल, तर त्याचे मानपत्रही शोधा. त्यात दिवस, जागा आणि लढाईचे वर्णन असते, आणि तुम्ही सांगत असलेल्या घटनेला त्यातून पुष्टी मिळते.

असे तुकडे जोडून दावा उभा राहतो याचे मोठे उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे लढाईतल्या जखमेसाठी ‘पर्पल हार्ट’ हे पदक आहे. त्याचे मूळ जॉर्ज वॉशिंग्टन यांनी 1782 मध्ये सुरू केलेल्या सन्मानचिन्हात आहे आणि 1932 मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले. अटी आपल्यासारख्याच कडक : जखम शत्रूमुळे झालेली, वैद्यकीय उपचाराची गरज पडलेली आणि सरकारी कागदात नोंदलेली. 12 जुलै 1973 रोजी सेंट लुईस शहराजवळच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली आणि 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख सैनिकांच्या फाइली जळाल्या. म्हणून काही तिथे सैनिकांचे दावे संपले नाहीत. पगाराची जुनी देयके, कंपनीच्या दैनिक हजेरीचे अहवाल, इस्पितळातल्या भरतीच्या नोंदी यांवरून सेवेचा इतिहास पुन्हा उभा केला जातो. मुख्य फाइल नसली तरी माणसाच्या खुणा दहा ठिकाणी असतात, हा त्यातला धडा आपणही घ्यावा.

माहितीचा अधिकार आणि पुढची पायरी

दोन-तीन महिने उत्तर आले नाही, तर एक स्मरणपत्र पाठवा आणि मग माहिती अधिकार कायदा, 2005 वापरा. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. न आल्यास 30 दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर 90 दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर घरबसल्या अर्ज होतो.

प्रश्न मात्र कागद मागणारे असावेत. ‘मला पदक का दिले नाही?’ असे विचारून उपयोग नाही. ‘माझ्या जखमेसंबंधी पार्ट टू ऑर्डरची प्रत द्यावी, बॅटल कॅज्युअल्टी रिपोर्टची प्रत द्यावी, मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत द्यावी, अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर आजवर झालेल्या टिपणीची प्रत द्यावी’ असे विचारा. माहिती नाकारली गेली तर लक्षात ठेवा, वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती देण्यावरची बरीचशी बंधने या कायद्याच्या कलम 8(3) मध्ये सैल केली आहेत; देशाच्या सुरक्षेचे बंधन मात्र त्यानंतरही कायम राहते.

लेखी नकार आला आणि तुमच्याकडे ठोस कागद आहेत, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. 2007 च्या कायद्याने ते स्थापन झाले, 2009 पासून काम करते आहे. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात यांच्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम नकारापासून सहा महिन्यांत दाद मागावी. उशिराचे सबळ कारण असेल तर तो माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. त्याआधी खात्याकडे रीतसर अर्ज केलेला असला पाहिजे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 2025 मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहाय्यता योजना सुरू केली आहे. तिच्याबद्दल जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

वीरनारी आणि मुलांसाठी

जखमी सैनिक आज हयात नसेल तरी त्याच्या नावाने राहिलेले पदक मागता येते. अर्ज पत्नीने करावा. ती नसल्यास मुलांपैकी एकाने, इतरांच्या लेखी संमतीने. सोबत मृत्यूचा दाखला, कुटुंब पेन्शनचा पीपीओ आणि नात्याचा पुरावा लावावा. नावांच्या स्पेलिंगकडे आधी लक्ष द्या. सेवाकागदात एक नाव, आधारवर दुसरे, असा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे आणि तो निस्तरल्याशिवाय काहीच पुढे सरकत नाही.

पेन्शनचा अर्ज वेगळा

पदकासाठी जमवलेले कागद पाहताना पेन्शनही तपासून घ्या. संरक्षण मंत्रालयाच्या 31 जानेवारी 2001 च्या पत्राने सेवेतल्या अपंगत्वाचे आणि युद्धजखमेचे वेगवेगळे गट केले. शंभर टक्के अपंगत्व धरले, तर साध्या सेवाजन्य अपंगत्वाचा घटक वेतनाच्या 30 टक्के असतो. युद्धजखमेचा घटक, पुढे सेवेत राहून निवृत्त झालेल्याला 60 टक्के आणि जखमेमुळेच सेवेतून मुक्त केलेल्याला 100 टक्के. फरक मोठा आहे. ‘बॅटल कॅज्युअल्टी’ची नोंद आहे पण पेन्शन साध्या गटात चालू आहे, असे दिसले तर त्यासाठी स्वतंत्र अर्ज करा. दोन्ही मागण्या एकाच कागदावर लिहू नका. पदकाची शाखा आणि पेन्शनची शाखा वेगळी असते, आणि मिश्र अर्ज दोन्हीकडे रेंगाळतो.

काही गोष्टी टाळा

‘आतली ओळख आहे, करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. मंजूर झालेले पहिले पदक विनामूल्य मिळते. बाजारातल्या दुकानातून पदक विकत घेऊन छातीला लावू नका. मंजुरीचा कागद नसताना लावलेले पदक हा सन्मान राहत नाही. आणि कहाणी फुगवू नका. छर्रा लागला असेल तर छर्राच लिहा. एक चुकीचा तपशील सापडला की बाकीच्या खऱ्या तपशिलांवरही शंका येते.

मुरलीकांत पेटकर यांचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. सांगली जिल्ह्यातले, ईएमईचे जवान. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून ते कायमचे अपंग झाले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी देशाला मिळवून दिले. त्यांना पद्मश्री 2018 मध्ये मिळाली आणि अर्जुन जीवनगौरव पुरस्कार जानेवारी 2025 मध्ये. जगासमोर सुवर्णपदक जिंकलेल्या माणसालाही इतकी वर्षे थांबावे लागले. गावाकडच्या ज्या जखमी सैनिकाचे नाव कोणत्याच बातमीत आले नाही, त्याच्यासाठी तर कोणीतरी पुढे व्हायलाच हवे.

ते कोणीतरी म्हणजे त्याचा मुलगा, सून, नातवंडे, गावातला शिक्षक, ग्रामपंचायतीचा संगणक चालवणारा पोरगा. म्हाताऱ्या फौजीला एकट्याने हे फॉर्म आणि पोर्टल जमणार नाहीत, आणि तो स्वतः होऊन मदत मागणारही नाही. एक रविवार त्याच्याजवळ बसा. डिस्चार्ज बुक वाचा, पेटीतले कागद काढून स्कॅन करा, नंबर, पलटण, तारीख, जागा आणि सोबत्यांची नावे त्याच्याकडून विचारून लिहून घ्या, आणि सोमवारी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. अर्ज मंजूर व्हायला वेळ लागेल. पण तो तुमच्याकडून गेलाच नाही, असे होऊ देऊ नका.